एक सेंट मॅजेंटा पुन्हा लिलावात आलं तर? अंदाज कसा बांधावा, सल्ला हवा

पाकीटवाली:
नमस्कार मंडळी. आमच्या संग्राहकांच्या छोट्या गटाने एक पैज लावली आहे. ब्रिटिश गयानाचं 1856 चं एक सेंट मॅजेंटा हे टपाल तिकीट पुढच्या वेळी लिलावात आलं तर कितीला जाईल, हे प्रत्येकाने कारणांसकट लिहून पाकीट बंद करायचं. मी जुने आकडे काढून बसले आहे. 1922 ला सुमारे 35 हजार डॉलर, 1970 ला 2 लाख 80 हजार, 1980 ला 9 लाख 35 हजार, 2014 ला 94 लाख 80 हजार. ही चढण बघून सरळ दीड कोटी लिहिणार होते, पण 2021 चा आकडा आडवा आला. 83 लाख 7 हजार! जगात एकुलतं एक तिकीट, आणि सात वर्षांत भाव उतरला? अंदाज करताना काय धरावं आणि काय सोडून द्यावं, जाणकारांनी सांगावं.

जुनीटपाल:
ताई, आधी एक ठरवून घ्या. पाकिटात हातोडा पडला ती रक्कम, म्हणजे शेवटची बोली, लिहायची, की खरेदीदाराने भरलेली एकूण रक्कम? 2014 ला हातोडा 79 लाखांवर पडला होता. त्यावर खरेदीदाराचं कमिशन चढून 94 लाख 80 हजार झाले. 2023 च्या उलट्या जेनीचंही (विमानाचं चित्र उलटं छापलं गेलेलं 1918 चं अमेरिकन तिकीट) तसंच, 17 लाखांची बोली आणि हातात बिल 20 लाख 6 हजारांचं. हे आधी स्पष्ट केलं नाही तर निकालाच्या दिवशी भांडणं होतील.

दातेरीकडा:
जुनीटपालांशी सहमत. आता मूळ प्रश्न.

एकुलतं एक असणं ही भाव चढण्याची हमी नाही, हे मला उमगायला फार वर्षं लागली. भाव ठरतो तो दुसऱ्या बोलीदारावर. जिंकणाऱ्याच्या खिशात कितीही असो, त्याला शेवटपर्यंत झुंजवणारा कुणी नसेल तर हातोडा लवकर पडतो. लाखभर प्रती असलेल्या तिकिटाला हजारो गिऱ्हाइकं असतात. याला मात्र जगात चार-पाच, आणि त्यातले दोघे त्या वर्षी दुसऱ्याच कशात गुंतलेले असू शकतात.

लिलावगृहाचे अंदाज काढून बघा. 2014 ला सदबीजने 1 ते 2 कोटी डॉलर सांगितले होते, 2021 ला 1 ते दीड कोटी. दोन्ही वेळा कमिशन धरूनसुद्धा तिकीट खालच्या आकड्यापर्यंत पोहोचलं नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा 2021 च्या त्याच विक्रीत आहे. तेव्हाचे मालक, पादत्राणांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांच्या तीन वस्तू एकाच दिवशी निघाल्या. 1933 चं सोन्याचं डबल ईगल नाणं 1 ते दीड कोटींचा अंदाज ओलांडून 1 कोटी 89 लाखांच्या घरात गेलं. उलट्या जेनीचा चौघींचा प्लेट ब्लॉक (कडेला छपाईच्या प्लेटचा क्रमांक असलेली चार जोडलेली तिकिटं) 50 ते 70 लाखांच्या अंदाजावर 48 लाख 60 हजारांना गेला, आणि मॅजेंटाचं तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे त्या दिवशी पैसा भरपूर होता, तो तिकिटांकडे वळला नाही. म्हणून 'श्रीमंत वाढले, भाव वाढणार' हा हिशेब मी सोडून देईन.

1980 ते 2014 ची वाढ वर्षाला साधारण 7 टक्के पडते. ती पुढे ओढून दीड कोटी काढू नका. 34 वर्षांत मधे एकही लिलाव नव्हता, दोनच टोकं आहेत. दोन टोकांतून रेघ कशीही सरळच येते.

मॅजेंटाप्रेमी:
दातेरीकडा, दुसऱ्या बोलीदाराचं पटलं. पण उलट्या जेनीची तुलना इथे नको, असं मला मनापासून वाटतं. जेनीचा 100 चा एकच ताव विकला गेला, त्यामुळे प्रत्येक तिकिटाला मोजायला बहिणी आहेत. 49 क्रमांकाची प्रत पिढ्यान् पिढ्या तिजोरीत राहिली, उजेड लागला नाही, हिंज (अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी) लागली नाही, रंग ताजा. म्हणून 2018 ला 15 लाख 93 हजार आणि पाच वर्षांनी 20 लाखांच्या वर. तिथे प्रत बघून भाव देतात.

मॅजेंटाचे कोपरे कापलेले, पृष्ठभाग घासलेला. प्रत म्हणून त्यात बघण्यासारखं फारसं नाही, तरी माझा जीव त्यावरच आहे. 1873 ला बारा वर्षांच्या मुलाला ते घरच्या जुन्या कागदांत सापडलं आणि त्याने सहा शिलिंगला विकलं. पाठीवर मालकांच्या खुणा आहेत, जुने मालक फेरारी यांचं त्रिदळ आहे, वाइट्झमन यांनी काढलेली उंच टाचेची चप्पल आहे. त्या पाठीवर पुढची खूण आपली असावी असं वाटणारा माणूस हवा. तसे दोघे भेटले तर भाव अंदाजांच्या वर जाईल, एकच भेटला तर राखीव किमतीच्या (विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान किमतीच्या) आसपास सुटेल. तिकिटांच्या किमतींचा कॅटलॉग इथे काही सांगत नाही.

आणखी एक. 2021 ला ते विकत घेणाऱ्या स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-व्यापारी कंपनीने नंतर त्याचे 100 पौंडांचे हिस्से लोकांना देऊ केले. तिकीट पुन्हा विकायचं तर मालकीचा हा प्रश्नही सोडवावा लागेल, हे पाकिटात लिहाच.

पाकीटवाली:
सगळ्यांचे आभार. दीड कोटी खोडले. हातोड्याची रक्कमच धरायची, हे गटाला आज कळवते. मी 75 लाख लिहिणार आहे, कारण म्हणून दोन लिलावांत हुकलेले अंदाज. दातेरीकडा, तुमचा आकडा काय?

दातेरीकडा:
68 लाख. लिलावगृहाने या वेळी अंदाजच 50 लाखांपासून सुरू केला, तर मात्र 90. कमी आकडा पाहून बोलीदार जमतात, आणि एकदा हात वर गेला की खाली घेणं अवघड असतं.

मॅजेंटाप्रेमी:
माझे 1 कोटी 10 लाख. दोघे भेटतील.