नुसती ओपीडी असलेल्या दवाखान्याची तपासणी कोण करतं?

चौकस: साधा प्रश्न. चौकातल्या वडापावच्या गाडीवर अन्न व औषध प्रशासनाचा माणूस निदान नावापुरता तरी येऊ शकतो. शेजारी रोज पन्नासेक जणांना सुया टोचणारा दवाखाना आहे, तिथे कोण येतं? १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा पेशंट दाखल करून घेणाऱ्यांसाठी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. बायोमेडिकल कचऱ्याची परवानगी लागते, पण खाटा नसतील तर तीही एकदा काढली की झालं. माझं म्हणणं, वर्षातून एकदा तरी न कळवता तपासणी व्हायलाच हवी.

ओपीडीवाला: स्वतः डॉक्टर आहे, म्हणून "न कळवता" वाचून हसू आलं. पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याची, तपासणी पाहिलीय कधी? गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या 'फॉर्म एफ'मध्ये एक रकाना कोरा राहिला की सोनोग्राफी मशीनला सील. लिंगनिदान करणारा मात्र फॉर्म सुवाच्य अक्षरात पूर्ण भरतो, तो सुटतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होमच्या भिंतीवर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद आणली. कोण वाचतं? माझा दवाखाना दहा बाय बाराचा, फी दीडशे. त्यात फायली सांभाळायला कारकून ठेवू का?

सिस्टर_ताई: दोघंही कागदावरच भांडताय. मी छोट्या दवाखान्यांतच नोकऱ्या केल्यात, काय बघायचं ते सांगते. हब कटरमध्ये, म्हणजे वापरलेली सुई कापायच्या यंत्रात, कापलेल्या सुया आहेत की तो नवाकोरा चकचकीत आहे? अवजारं नुसती उकळतात की ऑटोक्लेव्ह करतात? उकळून सगळे बीजाणू, म्हणजे जंतूंची चिवट रूपं, मरत नाहीत, दाबाखालची १२१ अंशांची वाफ पंधरा मिनिटं तरी लागते. फ्रिज उघडा. लस २ ते ८ अंशांत हवी. ती दारातल्या कप्प्यात, शेजारी सरांचा दह्याचा डबा आणि थर्मामीटरचा पत्ता नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई दिवसभर तशीच खोचलेली. पुढच्या पेशंटला औषध काढायचं तर नुसती सिरिंज लावायची. 'सोयीचं पडतं' म्हणून!

आणि ॲड्रेनलिन कुठंय ते विचारा. इंजेक्शनची रिअॅक्शन आली तर मिनिटांचा खेळ असतो. कपाटात आहे, किल्ली मावशींकडे, मावशी जेवायला गेल्यात.

२००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस बी पसरून कितीतरी माणसं गेली, ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. त्या सिरिंज काय फायलीत दिसणार होत्या?

गावरान: शहरात बसून बोलायला सोपं आहे. आमच्याकडे एकच बीएएमएस डॉक्टर, रात्री दोनला दार वाजवलं तरी उठतात. तुमचा साहेब जीपमधून येणार, चहापाणी घेणार, वर पाकीट मागणार. कंटाळून ते तालुक्याला गेले तर आम्ही कुणाकडे जायचं? मोटरसायकलवर बॅग टांगून फिरणाऱ्या बोगस डॉक्टरकडेच ना? २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नावच्या बांगरमऊत एचआयव्ही पसरवल्याचा ठपका अशाच एकावर आला. त्याच्या दारावर पाटी नाही, मग तपासणीवाला त्याच्याकडे जाणार कसा?

चौकस: दादा, बोगस मोकाट आहेत म्हणून खऱ्यांकडे बघूच नये, हे काही पटत नाही. रात्री उठणाऱ्या डॉक्टरबद्दल मलाही आदर आहे, पण त्याची सुई स्वच्छ आहे का, हा प्रश्न त्याने संपत नाही. पाकिटाचं म्हणणं मात्र खरंय. म्हणून जोडी पाठवा, एक डॉक्टर, एक अनुभवी नर्स. फाईल मागायचीच नाही. सिस्टरताईंनी सांगितलं तेवढंच बघायचं आणि निकाल दारावर लावायचा.

ओपीडीवाला: ज्याने स्वतः सिरिंज भरलीय तो येणार असेल तर खुशाल यावं, चहा माझ्याकडून. पण निकाल दारावर नको. आधी लेखी सूचना, महिन्याची मुदत, नाहीच सुधारलं तर दंड. दारावर 'नापास' लागलं की दुसऱ्या दिवशी काच फुटते. डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून आहे, काचा त्याआधीही फुटायच्या, आताही फुटतात.

चौकस: म्हणजे त्या महिनाभरात तिथे सुई टोचून घेणाऱ्याला काही कळूच द्यायचं नाही?

ओपीडीवाला: सुईचाच दोष असेल तर इंजेक्शनं त्याच दिवशी बंद करा, हरकत नाही. फ्रिजमधल्या दह्यासाठी जाहीर फाशी नको.

सिस्टर_ताई: दह्याला नका हसू सर, त्यासाठी फ्रिज दर दहा मिनिटांनी उघडतो. आणि नियम लिहायला बसलाच आहात तर एक घाला. तपासणीला आलेल्यांपुढे खरं बोलणाऱ्या सिस्टरची नोकरी दुसऱ्या दिवशी कोण वाचवणार? माझी एकदा गेलीय.