अध्यक्षकाकांनंतर कंपनी कोण चालवणार?

प्रश्न (संचालक, जि. वाशिम)

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आठ गावांच्या गटांतून उभी राहिली. सुरुवातीला खते आणि बियाणे एकत्र आणणे एवढेच काम होते. आता सोयाबीनची खरेदी, चाळणी, गोदाम, बँकेचे कर्ज आणि जीएसटीचे विवरण एवढा पसारा झाला आहे. तरीही प्रत्येक निर्णय अध्यक्षकाकांच्या मोबाइलवरूनच होतो. गेल्या हंगामात ते आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा बारदाना (माल भरायची रिकामी पोती) मागवावा की नाही हे ठरवायलाही कोणी धजले नाही. तरुण संचालकांना दोन प्रशिक्षणांना पाठवले. प्रमाणपत्रे भिंतीवर लागली, पण पुढे काहीच झाले नाही. नेतृत्व तयार करावे तरी कसे?

उत्तर १ (मुख्य कार्यकारी अधिकारी, जि. यवतमाळ)

भाऊ, तुमच्या तरुणांनी प्रशिक्षणात जे ऐकले ते वापरायला त्यांच्या हाती काय दिले होते? आम्ही एका संचालकाकडे पूर्ण हंगामाचा काटा सोपवला. ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच घ्यायचा, असा ठराव होता. तिसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या साडूची गाडी आली आणि मीटरने १४ दाखवले. त्या पोराने चार मुठी वेगवेगळ्या पोत्यांतून काढून साडूंसमोरच पुन्हा मोजले आणि माल अंगणात वाळवायला परत पाठवला. संध्याकाळी अध्यक्षांना फोन गेला. ते म्हणाले, "काट्यावर जो उभा आहे, त्यालाच विचारा." त्यानंतर गावकरी थेट त्या पोराशी बोलू लागले. अध्यक्षांनी त्या दिवशी शब्द फिरवला असता, तर पुढची दहा प्रशिक्षणे वाया गेली असती.

आणखी एक गोष्ट: कायद्यानुसार मुख्य कार्यकारी हा कंपनीचा सभासद नसलेला, पूर्णवेळ माणूस असावा लागतो. बऱ्याच ठिकाणी त्याला कारकून समजतात. त्याला सहीचा आणि खर्चाचा ठरावीक अधिकार लेखी द्या.

उत्तर २ (ग्रामसंघाच्या लेखापाल, जि. वर्धा)

आमच्या बचत गटात दर बैठकीत हिशेब वेगळी बाई वाचते. अडखळत वाचला तरी चालतो, पण जिने एकदा मोठ्याने वाचला, ती पुढच्या वेळी प्रश्न विचारते. तुमच्या मंडळात किती संचालकांना ताळेबंद वाचता येतो? आणि एक विचारते, राग मानू नका: तुम्ही लिहिलेल्या तरुणांत बाया किती आहेत?

उत्तर ३ (निवृत्त कृषी अधिकारी, गडचिरोली)

दरवर्षी अध्यक्ष बदलावा, असा अर्थ कोणी काढू नये. व्यापारी आणि बँक माणूस पाहून उधारी देतात आणि ती पत एका वर्षात जमत नाही. उत्पादक कंपनीत संचालकाची मुदत एक ते पाच वर्षे ठेवता येते; तेव्हा थोडे थोडे संचालक पाळीने निवृत्त होतील असे नियमावलीत बसवा, म्हणजे जुने आणि नवे काही काळ सोबत बसतील.

आमच्याकडे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर गावाचा एकत्रित हक्क) मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एवढा व्यवहार त्या गावाला पेलता आला, कारण तेथे त्याआधी कित्येक वर्षे अभ्यासगट चालत होता आणि निर्णय सर्वसहमतीने होत होते. त्यात वेळ फार जातो, हे मात्र खरे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ताई, तरुण संचालकांत एकही बाई नाही. बारदाना आणि हमालीचा खर्च या हंगामापुरता दोन तरुण संचालकांच्या सहीने व्हावा, असा ठराव मांडतो आहे. काकांना आधी घरी जाऊन भेटेन. बैठकीत अचानक ऐकले तर त्यांना लागेल.