हौद आणि गच्चीवरची टाकी: फ्लोट स्विच थेट मोटारीला लावावा की मध्ये कॉन्टॅक्टर?

जुळेकर_७
जुळे सोलापूर, तीन मजली घर. खाली ५००० लिटरचा हौद, गच्चीवर २००० लिटरची उभी टाकी, आतला व्यास साधारण १.३५ मीटर. मोटार १ एचपी, सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटार-पंप एकत्र), फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे हौदातल्या पाइपच्या तळाच्या एकतर्फी झडपेवर. पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी रात्री दोनला, त्यामुळे वरची टाकी आपोआप भरायला हवी आहे आणि हौद रिकामा झाला तर मोटार आपोआप बंद व्हायला हवी आहे. दुकानात केबलचे दोन फ्लोट मिळाले (पाण्याबरोबर वर-खाली झुकून आतला स्विच चालू-बंद करणारे), तीन वायरींचे. "मोटारीच्या फेजमध्ये सरळ सिरीज मारा, झालं काम" असं सांगितलं. फ्लोटवर १० (४) ॲम्पिअर लिहिलंय. ते पुरेल का? आणि तीनपैकी कुठल्या दोन वायरी घ्यायच्या?

पॅनेल_जोडणी
सरळ मारू नका साहेब. कंसाबाहेरचे १० हे हीटर किंवा बल्बसारख्या लोडसाठी असतात, कंसातले ४ हे मोटारीसाठी. १ एचपी मोनोब्लॉक चालताना ६ ते ७ ॲम्पिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. फ्लोटच्या पोटात छोटा मायक्रोस्विच असतो, त्याचे पॉइंट काही महिन्यांत जळतात. कधी काळे पडून चालूच होत नाहीत, ते परवडलं. कधी एकमेकांना वेल्ड होतात, मग टाकी भरून गच्चीवरून पाणी गळत राहतं आणि मोटार थांबत नाही.

फ्लोटने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची; कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्टरचे मोठे पॉइंट मोटारीचा करंट जोडतात. कॉन्टॅक्टर १२ ॲम्पिअरचा, एसी-३ (मोटारीच्या लोडच्या) रेटिंगचा, २३० व्होल्ट कॉइलचा घ्या. रस्ता असा: फेजवरून २ ॲम्पिअरची वेगळी एमसीबी, मग ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर, मग हौदाचा फ्लोट, मग गच्चीचा फ्लोट, मग ओव्हरलोड रिलेचे (मोटारीने जास्त करंट घेतला की तोडणारा) ९५-९६ नंबरचे पॉइंट, मग कॉइलचं एक टोक, ए१. दुसरं टोक, ए२, न्यूट्रलला. सगळं सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही फ्लोट "हो" म्हणाले तरच मोटार चालते. सिलेक्टर मॅन्युअलला टाकला तरी हौदाचा फ्लोट सर्किटमध्ये राहिला पाहिजे, फक्त गच्चीचा वगळायचा. इथं बरेच जण दोन्ही वगळतात आणि मोटार कोरडी चालवून बसतात.

ओव्हरलोड रिले तीन पोलचा असतो आणि आपली मोटार सिंगल फेज. एकाच पोलमधून करंट नेला तर बऱ्याच रिलेंना वाटतं की बाकीच्या फेज गेल्या, आणि ते विनाकारण ट्रिप होतात. फेज तिन्ही पोलमधून एकामागून एक फिरवून न्यायची. सेटिंग नेमप्लेटवरच्या ॲम्पिअरवर.

वायरींचा रंग विसरा, कंपनीगणिक बदलतो. मल्टिमीटर बीपवर ठेवा, फ्लोट केबलला धरून खाली लोंबकळू द्या. ज्या दोन वायरींवर बीप येतो ती जोडी गच्चीसाठी, कारण टाकी रिकामी झाली की चालू व्हायला हवं. फ्लोट उलटा वर करा, आता जी जोडी वाजेल ती हौदासाठी. दोन्ही जोड्यांत जी वायर सामाईक ती कॉमन. उरलेली तिसरी वायर नुसती कापून सोडू नका. फ्लोट दुसऱ्या बाजूला झुकला की तीत फेज येते. तिचं टोक वेगळं, श्रिंक स्लीव्ह घालून बंद करा.

गच्चीवरचा_हिशोब
वरच्याशी थोडा मतभेद. अर्ध्या एचपीला १६ (८) चा चांगला फ्लोट थेट वर्षानुवर्षं चालतो. १ एचपीला मात्र कॉन्टॅक्टरच, त्यात वाद नाही.

पण खरी चूक जोडणीत कमी आणि लटकवण्यात जास्त होते. फ्लोट वर-खाली जाताना केबलवरच्या वजनाभोवती झुलतो. वजन ते फ्लोट ही केबल जितकी लांब, त्याच्या साधारण १.४ पट फरकाने मोटार चालू-बंद होते. १० सेंमी ठेवली तर १४ सेंमी फरक, म्हणजे तुमच्या टाकीत जेमतेम २०० लिटर. मोटार दिवसभर सुरू-बंद करत बसेल. २८ सेंमी ठेवा. फरक ४० सेंमी, तुमच्या व्यासाला सुमारे ५७० लिटर. मिनिटाला ५० लिटर चढत असेल तर एका वेळी ११-१२ मिनिटं मोटार चालेल.

वजन ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडापासून ३० सेंमी खाली ठेवा. मग बंद होण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या १० सेंमी खाली येते आणि चालू होण्याची ५० सेंमी खाली. फ्लोट आला म्हणून ओव्हरफ्लो बुजवायचा नाही. भिंतीपासून निदान ४५ सेंमी मोकळं हवं, नाहीतर फ्लोट भिंतीला किंवा आउटलेटच्या पाइपला अडकतो. इनलेटची धार फ्लोटजवळ पडली की तो हिंदकळतो आणि कॉन्टॅक्टर टकटक करतो. धार दुसऱ्या बाजूला वळवा, किंवा इनलेटला खाली पाइप जोडून पाणी पाण्यातच सोडा. मग त्या पाइपला पाण्याच्या वर एक छोटं भोक ठेवा, नाहीतर मोटार बंद झाल्यावर पाणी उलटं ओढलं जाईल. ऑन-डिले (उशिरा चालू करणारा) टायमर १० सेकंदांचा लावला तर उरलेली टकटकही जाते, शिवाय लाइट गेली-आली की मोटार लगेच झटका खात नाही.

हौदात केबल २० सेंमी, वजन फूट व्हॉल्व्हच्या ४५ सेंमी वर. म्हणजे फूट व्हॉल्व्हवर साधारण ३० सेंमी पाणी राहिलं की मोटार बंद. त्याहून खाली जाऊ दिलं तर भोवरा होऊन हवा ओढली जाते. नळाचं पाणी हळू येत असेल तर हौदाचा फरक आणखी वाढवा, नाहीतर पाण्याच्या दिवशी खालचाच फ्लोट खेळ करत राहील.

वाइंडिंग_सोलापूर
एक गोष्ट कुणी बोललं नाही, म्हणून. आधी मोटारीला कपॅसिटर किती ते बघा. मोनोब्लॉकला बहुतेक एकच रन (कायम जोडलेला) कपॅसिटर असतो, ती कॉन्टॅक्टरवर आपली आपण उचलते. पण बोअरच्या सिंगल फेज सबमर्सिबलचं पॅनेल वेगळं असतं: हिरवं बटण दाबून धरलेलं असतं तेवढ्यापुरताच स्टार्ट कपॅसिटर लागतो. त्या पॅनेलला बाहेरून फ्लोट आणि कॉन्टॅक्टर चढवला की स्टार्ट कपॅसिटर लागतच नाही. मोटार घुं करत जागेवर उभी राहते आणि वाइंडिंग जळतं. फ्लोट लावल्यावर जळून येणाऱ्या सबमर्सिबलमागे बहुतेकदा हेच कारण. तिला ऑटो स्टार्टचं, म्हणजे स्टार्ट कपॅसिटर स्वतः लावून सोडणारं पॅनेल लागतं.

दुसरं, फूट व्हॉल्व्ह. हौद भरलेला आहे, फ्लोट "हो" म्हणतोय, पण व्हॉल्व्ह गळून पाइपातलं पाणी उतरलंय. मोटार हवेवर फिरते, सील जळतो. फ्लोटला हे कळत नाही. त्यासाठी करंट बघणारा ड्राय रन प्रोटेक्टर. प्रायमिंग, म्हणजे पाइपातलं आणि पंपातलं पाणी, गेलं की मोटार कमी करंट घेते, त्यावर तो तोडतो.

डायहाउस_मेंटेनन्स
घरगुती प्रश्न आहे, पण एमआयडीसीतले लोकही वाचतील म्हणून थोडं. टॉवेलच्या डायहाउसच्या (सूत रंगवण्याच्या कारखान्याच्या) सांडपाण्यात उभ्या दांडीचा मॅग्नेटवाला फ्लोट लावू नका. सूत आणि बारीक तंतू दांडीला गुंडाळले जातात, फ्लोट मधेच बसतो. त्यातला रीड स्विच अर्ध्या-एक ॲम्पिअरचा, कॉइल थेट चालवली तरी चिकटू शकतो. तिथं मोठा, गुळगुळीत, केबलवर लोंबणारा पॉलिप्रोपिलीनचा फ्लोट आणि रबरी केबल. कॉस्टिकला पॉलिप्रोपिलीन टिकतं, पण साधा फ्लोट ५० अंशांच्या आसपासचाच असतो, गरम बाथच्या टाकीत टाकू नका.

थ्री फेज डीओएल स्टार्टरला नेहमीची चूक: फ्लोट स्टार्ट बटणाला समांतर जोडतात. मोटार सुरू होते, पण होल्डिंग कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावरही कॉइल चालू ठेवणारा पॉइंट) धरून ठेवतो, टाकी भरली तरी थांबत नाही. ऑटोमध्ये होल्डिंग वगळायचं आणि फ्लोट थेट कॉइलच्या रस्त्यात घ्यायचा.

इलेक्ट्रोडच्या सेन्सरबद्दल कुणी विचारेलच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात सळ्यांवर पांढरा थर चढतो आणि टाकी भरली तरी सेन्सरला रिकामी वाटते. लावलेच तर महिन्या-दोन महिन्यांनी घासा.

जुळेकर_७
आभार सगळ्यांचे. मोटारीला एकच कपॅसिटर आहे, २५ मायक्रोफॅरॅड, ४४० व्होल्ट. नेमप्लेटवर ६.५ ॲम्पिअर. एक शंका: पिण्याच्या पाण्यात २३० व्होल्टची वायर सोडणं बरोबर वाटत नाही. आई रोज हौदातून बादलीने पाणी काढते.

पॅनेल_जोडणी
बरोबर वाटत नाही ते योग्यच. एकच कपॅसिटर म्हणजे काळजी नाही, ओव्हरलोड ६.५ वर ठेवा.

फ्लोट २४ व्होल्टवर चालवा. २३०/२४ चा १० व्हीएचा वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर, एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको. दोन्ही फ्लोट २४ व्होल्टमध्ये, त्यांनी फक्त २४ व्होल्ट एसीचा छोटा रिले उचलायचा, आणि त्या रिलेच्या पॉइंटने कॉन्टॅक्टरची २३० कॉइल चालवायची. टायमर आणि ९५-९६ त्या २३० च्या रस्त्यातच राहतील. कॉन्टॅक्टरची कॉइलच २४ ची घेतली तर ओढताना ती बरीच जास्त व्हीए मागते, १० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर दम तोडतो आणि कॉन्टॅक्टर गुणगुणत राहतो. सिलेक्टरही २४ कडे आणा, म्हणजे मॅन्युअलला हौदाचा फ्लोट आपोआप सर्किटमध्ये राहतो.

मोटारीच्या लाइनला ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारी) हवीच, अर्थिंगसह. ट्रान्सफॉर्मरमागचं गळणं तिला दिसत नाही, पण तिथं २४ च व्होल्ट आहेत. मोटारीचं दिसतं, धोका तिथंच आहे.

गच्चीची केबल उन्हात उघडी ठेवू नका. पीव्हीसी पाइपातून आणा. टाकीत जोड नको, केबल पुरेशी लांब घ्या. जोड टाकीबाहेरच्या डब्यात, आणि डब्यात केबल खालून शिरवा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून आत जाणार नाही. फ्लोट घेताना पारा नसलेला, पिण्याच्या पाण्याला चालणारा मागा, आणि जोडण्याआधी एक रात्र बादलीत वजनाने दाबून ठेवा. सकाळी कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं किंवा तो जड लागला तर तसाच दुकानात परत.

शेवटी चाचणी: मोटारीची एमसीबी पाडा, कंट्रोलची चालू ठेवा. हौदात पाणी असताना गच्चीचा फ्लोट हाताने वर उचला, कॉन्टॅक्टर सुटला पाहिजे. खाली सोडला की दहा सेकंदांनी धरला पाहिजे. मग हौदाचा फ्लोट वर ओढून हवेत लोंबता सोडा, पुन्हा सुटला पाहिजे. सिलेक्टर मॅन्युअलला टाकून हे शेवटचं परत करून बघा.