घरात येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या खरंच कमी झाल्यात का कुणाच्या? कशा केल्या?

कांदिवलीकरीण
नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच माणसं, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगी. ओट्याखाली एक मोठी पिशवी लटकवलेली आहे आणि तिच्यात नुसत्या पिशव्याच, काळ्या, पांढऱ्या, त्या पातळ झबला पिशव्या, सगळ्या नीट घड्या घालून, कारण सासूबाई एकही टाकू देत नाहीत, लागतात म्हणतात, आणि त्यांचं चुकीचं नाहीये, रोज रात्री ओल्या कचऱ्याच्या डब्याला एक लागतेच. राज्यात २०१८ पासून बंदी आहे तरी भाजीवाला आपण नको म्हणेपर्यंत कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून हातात देतो पण.

कापडी पिशव्या घरात ढीगभर आहेत, लग्नामुंजीत मिळालेल्या, त्यामुळे "कापडी पिशवी वापरा" एवढंच सांगू नका प्लीज. माझी गाडी अडते ती तीन ठिकाणी: संध्याकाळी स्टेशनवरून येताना होणारी खरेदी, मासे आणि कचऱ्याचा डबा. ज्यांच्याकडे हे जमलंय त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा ना.

दादर_पश्चिम
ताई, पहिला मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलाय. आपल्या आया बाजाराला जायचं म्हणून घरातून निघायच्या, त्यामुळे पिशवी हातात असायचीच. आपण आता बाजाराला असे जातच नाही, ऑफिसातून घरी येताना बाजार वाटेत लागतो, समोर ताजा पालक दिसतो आणि घेतला जातो. त्या वेळी कपाटात पन्नास पिशव्या असून काय उपयोग? पिशवी ऑफिसच्या बॅगेत पाहिजे, तीही जाड कॅनव्हासची नको, ती दोन दिवसांत ओझं वाटून बाहेर निघते. जुन्या सुती साडीची किंवा छत्रीच्या कापडाची, मुठीत मावेल अशी शिवून घ्या, कोपऱ्यावरचा टेलर उरलेल्या कापडातून सहज शिवून देतो. रिकामी झाली की ती पुन्हा बॅगेत जायला हवी, खरी मेख तिथे आहे. आमच्याकडे भाजी काढली की पिशवी दाराच्या कडीला अडकवायची असा नियमच आहे, सकाळी चपला घालताना डोळ्यासमोर येते, ज्याला दिसेल त्याने उचलायची.

आणि भाजीवाल्याला "पिशवी नको" म्हणत बसू नका, गर्दीच्या वेळी त्याला ऐकू जात नाही आणि त्याचा हात सवयीने पिशव्यांच्या गड्डीकडे जातोच. तो वजन करत असतानाच आपली पिशवी तोंड उघडून पुढे धरायची, तो तागडी थेट तिच्यात रिकामी करतो, त्याचीही पिशवी वाचते, त्यालाही ती विकतच आणावी लागते. बटाटे-कांदे आधी घ्यायचे, टोमॅटो आणि पालेभाजी शेवटी. मिरच्या, आलं, लिंबं यांच्यासाठी नाडीची एक छोटी थैली त्याच पिशवीत कायम राहू दे, नाहीतर एवढ्याएवढ्यासाठी पातळ पिशवी घरी येते.

माहीमची_सून
माशांचं मी सांगते. स्टीलचा डबा, पण कडीचा आणि झाकणाला रबर असलेला, कारण बर्फाचं पाणी गळतं आणि ट्रेनमध्ये कोणाच्या साडीवर सांडलं तर बोलणी खावी लागतात. वाटतो त्यापेक्षा एक साइज मोठा घ्या, दोन पापलेटं आणि वाटाभर कोलंबी एकत्र मावली पाहिजे. डबा वायरच्या पिशवीत उभा राहतो, आडवा होत नाही. कोळणीला आधीच सांगायचं, मावशी तुकडे करून डब्यातच घाला. आमच्या मावशी तर आता डबा दिसला की काळी पिशवी काढतच नाहीत, उलट बाजूच्या गिऱ्हाईकाला सांगतात, बघ ही कशी डबा आणते. घरी आल्यावर डबा आधी गार पाण्याने धुवा, मग चण्याचं पीठ चोळून, वास राहत नाही. सुकट, सुके बोंबील यांना तर घरून बरणी नेली तरी चालते.

चेंबूर_नाका
कचऱ्याच्या डब्याबद्दल जरा मोठं लिहितोय, कारण आम्ही देवनारच्या वाऱ्यात राहतो. तिथे १९२७ पासून शहराचा कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर दिवसेंदिवस घरात होता, खिडक्या लावून बसलो होतो, पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे गाठ मारलेली पिशवी बघितली की मला ते आठवतंच. ओला कचरा पिशवीत बांधून दिला की तो आत हवेशिवाय सडतो, त्यातून मिथेन तयार होतो, आणि वेगळा करायचा तर कोणाला तरी ती पिशवी हाताने फाडावी लागते. आत काच आहे, ब्लेड आहे की डायपर, त्याला बाहेरून काय कळणार?

म्हणजे तुमच्या सासूबाईंना पिशवी लागते ती डबा खराब होऊ नये म्हणून, आणि डबा खराब होतो पाण्यामुळे. ते पाणीच आत जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे सिंकच्या कोपऱ्यात एक जाळीचं भांडं असतं, चहाचा चोथा, भाजीच्या साली, उरलेली आमटी सगळं आधी त्यात, तासाभराने निथळलं की मग डब्यात. डब्याच्या तळाशी कालच्या पेपरची दुहेरी घडी. सकाळी डबा थेट सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये उलटा करायचा, पेपरसकट, आणि डबा नळाखाली धरायचा. मिनिटभराचं काम आहे. पेपर ओल्या कचऱ्याबरोबर कुजतो, पण खायच्या गोष्टी मात्र छापील पेपरात गुंडाळू नका, शाईत शिसं वगैरे असतं, अन्नसुरक्षावाल्यांनी यावर पुन्हा पुन्हा बजावलंय.

सोसायटी पिशवीशिवाय कचरा घेतच नसेल तर कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशव्या मिळतात, कचऱ्यासाठी त्यांना राज्याच्या बंदीतून सूट आहे, पण पाकिटावर आयएस/आयएसओ १७०८८ हा त्यांचा मानक क्रमांक लिहिलाय का ते बघून घ्या. नुसतं "इको" किंवा हिरवं पान छापलेलं असेल तर घेऊ नका, तशी लेबलं कोणीही छापतं.

ठाणे_लोकल
वरच्या सगळ्यांना +१. एक भर घालतो. दुकानात मिळते ना ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी, हाताला कापड वाटते, पण ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. थोड्या वापरात शिवणीपाशी उसवते, मग तिचे धागे धागे सुटतात. ती कापडी समजून गोळा करू नका.

आणि कापडी पिशव्या नवीन विकत घेऊ नका हेही सांगेन. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये अहवाल काढला होता, त्यात हिशोब असा होता की हवामानावरचा परिणाम बघितला तर एक सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एका पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. त्यात गटारं तुंबण्याचा हिशोब नाहीये, तो आपण मुंबईवाल्यांनी २६ जुलै २००५ ला भरलाय, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा पिशव्यांनी भरलेल्या नाल्यांतून पाणी जायला जागा नव्हती, आणि त्यानंतरच राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली होती. पण १३१ हा आकडा लक्षात ठेवला की लग्नात आणखी एक पिशवी हातात देतात तेव्हा नम्रपणे नको म्हणता येतं. घरात आहेत त्यातल्या चार-पाच निवडा आणि त्याच फाटेपर्यंत वापरा.

कांदिवलीकरीण
खूप आभार सगळ्यांचे. जाळीचं भांडं सासूबाईंना लगेच पटलं, त्यांच्या माहेरी परसात असंच करायचे म्हणाल्या. डबा घेऊन मासे आणायला सासरे तयार आहेत. आता ओट्याखाली ज्या साठल्यात त्यांचं काय करू? घरच्यांचा विचार आहे भाजीवाल्याला परत देऊन टाकायच्या.

दादर_पश्चिम
भाजीवाल्याला नका देऊ ताई. त्याच्याकडे सापडल्या तर पहिल्याच वेळी पाच हजार दंड आहे, त्याची काही दिवसांची कमाई जाते, आणि कायद्याने पिशवी वापरणाऱ्या आपल्यालाही दंड होऊ शकतो. ज्या धड आहेत त्या पावसाळ्यात बॅगेत मोबाइल, कागदपत्रं, ओली छत्री ठेवायला घरातच वापरा. बाकीच्या धुऊन, वाळवून, एका पिशवीत कोंबून सुक्या कचऱ्यात द्या, खरकट्या किंवा ओल्या असल्या तर पुढे कोणी घेत नाही. दुधाच्या पिशव्या यात घालू नका, त्या वेगळ्या जमवा, जाड असतात म्हणून भंगारवाला घेतो. आणि दूध काढताना कोपरा पूर्ण कापू नका, तुकडा पिशवीला चिकटलेला राहू द्या, तेवढा बारीक तुकडा कोणी वेचत नाही, तो थेट मोरीत आणि तिथून गटारात जातो.