'स्पार्कल' तुम्हाला कधी भेटलं?

जपानी गायक तात्सुरो यामाशिता यांचं 'स्पार्कल' हे माझं सगळ्यात लाडकं सिटी पॉप (त्या काळचं जपानी शहरी पॉप संगीत) गाणं. जानेवारी १९८२मध्ये आलेल्या 'फॉर यू' या अल्बमची सुरुवातच त्याने होते. शब्द मिनाको योशिदांचे, चाल यामाशितांची. इथे बरेच जण ते ऐकतात हे परवा कळलं, म्हणून हा धागा काढतेय. ते तुमच्या आयुष्यात कसं आलं ते लिहा.

आधी माझं सांगते. मी टोकियोत निशिकासाईला राहते. यामाशितांनी आपली गाणी स्ट्रीमिंगला दिलेली नाहीत, म्हणून जुनी सीडी विकत घेऊन फोनवर उतरवली. संध्याकाळी तोझाई लाइन या मेट्रोने घरी येताना मिनामी-सुनामाची स्टेशन मागे पडलं की गाडी बोगद्यातून वर येते आणि आराकावा नदीवरच्या पुलावर चढते. मी बरोबर तेव्हाच गाणं लावते. आधी एकटी गिटार, मग ड्रम, बास, ब्रास सगळं एकदम, आणि खिडकीबाहेर ते रुंद पाणी. दिवसभराचा शीण तिथेच उतरतो.

—

कोल्हापूर. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. ती सुरुवात सोपी वाटते, पण बसवायला मला दोन महिने लागले. उजवा हात सोळाच्या लयीत अखंड वर-खाली चालू ठेवायचा, थांबवायचाच नाही. आवाज कापायचा तो डाव्या हाताने. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, नुसती सैल सोडायची, की 'छन्'चं 'चक्' होतं. यामाशितांची ती तपकिरी टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटार आहे ना, तिचा तो कोरडा, खणखणीत आवाज माझ्या गिटारीतून निघत नाही. तरी रोज रियाजाला बसलो की पहिलं हेच.

—

पुण्यात जपानी शिकतेय. मला हे गाणं व्याकरणाने दिलं असं म्हणेन. पहिलेच शब्द 'नानात्सु नो उमी कारा'. नानात्सु म्हणजे सात, उमी म्हणजे समुद्र, कारा म्हणजे -हून. 'सात समुद्रांहून'! शब्दांचा क्रम हलवावा लागला नाही, 'कारा'सुद्धा आपल्या प्रत्ययासारखा नामाच्या मागेच. तोवर मी प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग समजून घ्यायचे. त्या दिवसापासून ते सोडलं.

—

शब्द एकही कळत नाही. बाळंतपणानंतर फार उदास होते, तेव्हा बहिणीने पाठवलं होतं. लेकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात त्यावर गोल फिरायचे. इतकंच.

—

मी ऐकलं ते त्याच काळात. १९८३मध्ये कंपनीने कावासाकीला प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं. तेव्हा तिकडे एलपी भाड्याने देणारी दुकानं होती. पोरं रेकॉर्ड घरी न्यायची, कॅसेटवर भरून घ्यायची आणि परत करायची. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने निरोपाला अशीच भरलेली 'फॉर यू'ची कॅसेट दिली. वर पेन्सिलने गाण्यांची नावं काढली होती, शेजारी माझ्यासाठी रोमन लिपीत उच्चार. एवढ्या बारीक अक्षरात किती वेळ बसला असेल!

पिंपरीच्या घरी ती इतकी वाजली की एकदा फीत नेमकी सुरुवातीलाच तुटली. मुलाच्या वहीवरची चिकटपट्टी लावून जोडली, पण गिटारचा एक फटका त्यात गेला. पुढची तीस वर्षं मी ते गाणं तो फटका सोडूनच ऐकलं, गुणगुणलंही तसंच. गेल्या वर्षी नातीने सीडी आणली. लावली, आणि तो फटका आला. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "बाळा, परत पहिल्यापासून लाव."