टेंभूचं पाणी आलं, आता आटपाडी-खानापूरनं ऊसच लावायचा का?

माणगंगाकाठ (धागा काढणारा)

परवा गावात पाणीपट्टीच्या वसुलीवर बैठक झाली. ठरलं ते असं : ज्यांचा ऊस आहे त्यांची पाणीपट्टी कारखाना बिलातून कापून घेईल, बाकीच्यांनी आपली आपण भरावी. कुणाला यात वावगं वाटलं नाही. मला वाटलं, म्हणून लिहितोय.

टेंभू ही आपल्या दुष्काळी तालुक्यांसाठीची उपसा सिंचन योजना 1996 सालची. कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत न्यायचं. वीजबिल अर्थातच अफाट. त्यातले 81 टक्के सरकार सोसतं, 19 टक्के आपल्या पाणीपट्टीतून यायला हवेत. थकबाकीपायी पंप बंद पडलेलेही आपण पाहिलेत. मग वसुली जिथं सोपी तिथं सगळी यंत्रणा झुकते. उसाचं बिल एका खिडकीतून निघतं. डाळिंबाचा व्यापारी बांधावर येतो, रोख मोजतो, गाडी भरून जातो. त्याच्याकडून कोण काय कापणार? कुणी तसं ठरवलेलं नसताना अख्ख्या योजनेचं तोंड उसाकडं वळतंय.

पाण्याच्या चळवळीतल्या नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांनी आटपाडीत पाणी परिषदा घेतल्या तेव्हा मागणी समन्यायी वाटपाची होती. त्याच्या आधी येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, कुटुंबागणिक द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही, हे त्यांनी धरणाबरोबरच ठरवलं. आज हाताशी पाणी आहे आणि नियम मात्र एकही नाही. माझं म्हणणं : कुटुंबागणिक पाणी मोजून द्या आणि पट्टी पाण्यावर लावा, पिकावर नको.

विटेकर गलाई

दादा, तुम्ही गावात राहून बोलताय. आमच्या घाटमाथ्यावरची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात परमुलखात आहेत. वडील दुष्काळात तमिळनाडूत गेले, सोनं-चांदी आटवायला शिकले, आम्ही तिथंच वाढलो. जमीन पडीक होती. आता पाणी आलंय तर पडीक ठेवू? डाळिंबाला माणूस रोज झाडापाशी लागतो. ऊस वाटेकऱ्याच्या भरवशावर उभा राहतो, तोडायला टोळी येते, पैसे खात्यावर. जो गावाबाहेर आहे त्याला दुसरं कुठलं पीक झेपतं ते सांगा.

तासगावचा बागायतदार

बाग काढून ऊस लावलाय, आणि त्याबद्दल मला कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगे फुटले, घड दिसायला लागले आणि पाऊस. रात्री अकराला डोक्याला बॅटरी बांधून दावण्या रोगावर फवारणी, पहाटे ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झाडायचं, सकाळी पुन्हा ढग. घडकूज लागली की वर्षाचा खर्च मातीत. त्यातून माल वाचलाच तर व्यापारी उधारीवर नेतो आणि फोन बंद करतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, कायद्याचा आधार आहे. द्राक्षाला काय आहे? दुष्काळात टँकरनं पाणी घालून जगवलेली बाग मी स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. हौस नव्हती.

वाळव्याची लेक

भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण आमच्या कृष्णाकाठाला एकदा येऊन बघा. माझ्या माहेरी तीन पिढ्या ऊस, पाटानं पाणी, वर रासायनिक खत. आता खालच्या वावरात उन्हाळ्यात पांढरा थर येतो, पाय टाकला की पापडासारखा मोडतो. उगवण होत नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राची माणसं सांगतात, जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाका, क्षार धुऊन काढा. उपाय चांगला आहे, पण एकट्याच्या रानात करून भागत नाही. पाणी पुढं ओढ्याला काढून द्यायला खालच्या शेजाऱ्याची संमती लागते. ज्या जमिनीनं आम्हाला बंगले दिले ती आज विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही.

तासगावचा बागायतदार

ताई, तुमची काळी, खोल जमीन. आमची मुरमाड, उताराची. पाणी थांबत नाही, तर तुमच्यासारखी चोपण, क्षारानं नापीक जमीन कुठून होणार?

वाळव्याची लेक

माळावर नाही होणार. ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीत होईल, आणि वरच्या माळाचं पाणी तिथंच उतरतं. ती पट्टी बहुतेक लहान शेतकऱ्याची असते.

मेंढका

ऊस का डाळिंब एवढंच बोलताय. आमची मेंढरं कुणाच्या हिशेबात आहेत? पूर्वी ज्वारी निघाली की शेतकरी निरोप धाडायचा, रानात मेंढरं बसवा. लेंडीखत त्याला, धान्य आम्हाला. आता बारमाही हिरवं रान आणि बांधाला तारेचं कुंपण. पडीक माळ गेला, कुसळाचं गवत गेलं. माडग्याळ जातीच्या मेंढीला भाव आहे म्हणतात, ती चरणार कुठं? जमीन नाही म्हणून पाणी नाही, आणि पाणी आलं म्हणून चारा नाही. बळीराजा धरणात भूमिहीनाला वाटा होता असं लिहिलंय. टेंभूत तो द्या. पाण्याच्या वाट्यावर मी कुणाच्या रानात मका करीन.

निवृत्त कालवा निरीक्षक

नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, म्हणून दोन शब्द. मोजून पाणी देणं ही नवी कल्पना नाही. 2005 च्या कायद्यात पाणी वापर संस्थेला घनमापानं पाणी देण्याची तरतूद आहे, पीक संस्थेनं ठरवायचं. उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय 2017 मध्ये झाला. अडतं ते पुढं. संस्था कागदावर राहते, सचिवाला पगार नसतो, मीटर पहिल्या हंगामात मोडतो. वरचा रात्री व्हॉल्व्ह फिरवतो आणि शेपटाचा, म्हणजे पाइपाच्या शेवटच्या टोकाचा माणूस आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, संपेपर्यंत वाट बघतो. आटपाडीत बंद पाईपनं पाणी जातंय ही मोठी सोय आहे, उघड्या कालव्यावर मोजणं फार अवघड. पण व्हॉल्व्हची चावी कुणाकडं, याचं उत्तर कायदा देत नाही.

माणगंगाकाठ

चावीचा प्रश्न बरोबर आहे, काका. संस्थेनं पगारी पाणीवाटप्या नेमावा, तो शेपटाच्या गावचा असावा आणि आधी शेपटाला पाणी देऊन वर यावा.

बागायतदार दादा, तुमच्या उसाला माझा विरोध नाही. वाट्याचं पाणी घ्या, ठिबकवर बसेल तेवढा ऊस लावा. उरलेल्या रानाला ज्वारी, हरभरा किंवा मेंढक्याचा मका. मात्र वाट्यापलीकडचं पाणी केवळ बिलातून पट्टी कापली जाते म्हणून तुम्हाला मिळू नये. डाळिंब-द्राक्षवाल्याची पट्टी आवर्तनाआधी संस्थेत आगाऊ घ्या, मग वसुलीसाठी उसाची गरज राहत नाही.

विटेकर गलाई

आगाऊ पट्टीला माझी तयारी आहे, आजच भरतो. पण कुटुंबागणिक म्हणजे कोणतं कुटुंब? सातबाऱ्यावर आम्ही चार भाऊ. दोघे परराज्यात, एक पुण्याला, एक गावात आई-वडिलांजवळ. रेशनकार्डं वेगळी. चार वाटे की एक?

माणगंगाकाठ

गावात राहून जो कसतो त्याचा एक.

विटेकर गलाई

मग आम्ही तिघांनी परमुलखातून पैसे पाठवून चाळीस वर्षं ते घर आणि ती जमीन राखली, त्याचा वाटा शून्य? हे मान्य नाही. पुढच्या बैठकीची तारीख कळवा, मी येतोय.