मदत हवी आहे: पक्की बांधणी की पेपरबॅक? प्रकाशक हे ठरवतात कसं?

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. गोदावरीच्या पुरांबद्दल ते कित्येक वर्षं वह्यांत लिहीत होते. 1969 चा महापूर, कुठल्या वर्षी पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली ही मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरूनच मोजतात) कुठवर चढलं, काठावरच्या दुकानांतून काय काय वाहून गेलं, असं सगळं. त्याचं आता पुस्तक होतंय. डेमी आकार (कादंबऱ्यांचा असतो तो नेहमीचा), 176 पानं, 500 प्रती. निम्मा खर्च आमचा आहे, म्हणून चार प्रश्न विचारायचा हक्क आहे असं मी समजते.

प्रकाशक म्हणतात, पेपरबॅकच करू. का, तर "हल्ली तेच चालतं." दादांना हे पटत नाही. त्यांचा जन्म कागदात गेलाय. कोणाचंही पुस्तक हातात आलं की मजकुराआधी कणा बघतात, शिवलंय की नुसतं चिकटवलंय. त्यांना पुठ्ठ्याचीच बांधणी हवी आहे. "वाचनालयात पोथीसारखं टिकलं पाहिजे," म्हणतात.

प्रकाशक नेमकं कशावरून ठरवतात? इंग्रजी पुस्तकं आधी हार्डकव्हर आणि वर्षभराने पेपरबॅक का येतात? आपल्याकडे तसं का नाही? आणि दादांना काय सांगू?

प्रतिसाद, "छापखाना":

ताई, इंग्रजीतलं गणित वेगळं आहे. तिथे हार्डकव्हर म्हणजे सिनेमाचा पहिला आठवडा. ज्यांना थांबवत नाही ते जास्त पैसे मोजून घेतात, परीक्षणं येतात, ग्रंथालयं घेतात. तो वाचक संपला की स्वस्त आवृत्ती निघते. त्यासाठी एकाच पुस्तकाला दोनदा गिऱ्हाईक मिळावं लागतं. आपली आवृत्ती 500 ची. दोन हप्ते पाडायचे तरी कशाचे?

दुसरं म्हणजे खर्च. पुठ्ठा, कापड किंवा रेक्झिन, अस्तराचा कागद, वर जॅकेट आणि हातकाम. हा खर्च 176 पानांना जेवढा, जवळपास तेवढाच 500 पानांना. त्यामुळे बारीक पुस्तकाला तो जड जातो. शिवाय विक्रेत्याचं कमिशन छापील किमतीवर असतं, म्हणून छापील किंमत निर्मितिखर्चाच्या तिप्पट-चौपट ठेवावी लागते. समजा, बांधणी प्रतीमागे 40 रुपयांनी वाढली, तर वाचकाला 120-160 रुपये जास्त पडतात. प्रकाशक हेच तोंडावर सांगत नाहीत एवढंच.

प्रतिसाद, "वाचनालयाचं कपाट":

मी बरीच वर्षं ग्रंथालयात काढली (सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये नव्हे, एका छोट्या वाचनालयात). पूर्वी मराठी पुस्तकाचं मोठं गिऱ्हाईक ग्रंथालयच होतं, म्हणून पुठ्ठ्याची बांधणी सर्रास असायची. आता प्रती घरोघरी जातात, प्रदर्शनात विकल्या जातात, कुरिअरने जातात. तिथे वजन आणि किंमत आधी बघतात.

पण एक सांगते. चिकटवलेलं पुस्तक फार फिरलं की पानं सुटतात आणि आम्ही ते बाइंडरकडे देतो. तो कणा कापतो, पुठ्ठा चढवतो, आणि आतला समास कमी असला तर ओळींची पहिली अक्षरं शिलाईत जातात! बांधणी कोणतीही ठरवा, आतला समास मोठा ठेवायला सांगा.

प्रतिसाद, "छापखाना":

मुख्य मुद्दा राहिलाच. पुठ्ठा आणि शिलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून पुठ्ठा आणि आत नुसता डिंक, असंही पुस्तक मिळतं. उलट, शिवलेले फर्मे (मोठा कागद छापून, घड्या घालून होतो तो पानांचा जुडगा) आणि वर जाड कार्डाचं कव्हर, अशी पेपरबॅकही होते. तुमच्या वडिलांचा आग्रह पुठ्ठ्याचा दिसतो, पण त्यांना हवी आहे शिलाई.

16 पानांचा फर्मा धरला तर तुमचे 11 फर्मे होतात. 500 प्रतींचे फर्मे एकदम छापून घ्या. 400 ची शिवलेली पेपरबॅक करा, 100 पुठ्ठ्यात बांधा. छपाई एकदाच, फरक फक्त बांधणीचा. मात्र दोन्हींना वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागेल आणि कव्हरची मापंही वेगळी होतील. कागदाचा दाणा (त्यातल्या तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे ना, एवढं बघा. आडवा असला तर पुस्तक उघडं राहत नाही, सारखं मिटतं.

मूळ धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. दाण्याचं वाचून दाखवलं तर दादा म्हणाले, "हे मला कशाला सांगता?" आणि लगेच घरातल्या एका कोऱ्या कागदाची पट्टी फाडून बघायला बसले.

प्रकाशकांना फोन केला. शिवलेल्या पेपरबॅकला ते लगेच तयार झाले, प्रतीमागे थोडे वाढतील म्हणाले. 100 पुठ्ठ्याच्या प्रतींना मात्र नाही म्हणाले, "त्या तुम्हीच बांधून घ्या, सुटे फर्मे देतो." आतला समास तीन मिलिमीटरने वाढवून घेतला, त्यामुळे पानं मात्र 176 ची 184 झाली. आता साडेअकरा फर्मे!

तर शेवटचा प्रश्न. 100 प्रती हाताने शिवून पुठ्ठ्यात बांधून देणारं कोणी नाशिकमध्ये अजून आहे का? रविवार कारंजा, शालीमार, नाशिकरोड, कुठेही चालेल. दादा स्वतः येऊन बघणार आहेत, त्यामुळे माणूस जरा सोशिक असावा.